थैलीतलं वजन

१

मारणारा कोठडीत बसून चहा मागत होता. पन्नास माणसांनी त्याला मारताना पाहिलं होतं आणि त्याने स्वतःही कबूल केलं होतं. तरी इन्स्पेक्टर बाईंनी गुरुवारी सकाळी मला बोलावून घेतलं.

निवृत्त होऊन मला सहा महिने झालेत. बायको म्हणते, चौकीचा फोन आला की तुमचे गुडघे दुखायचे थांबतात. बाई माझ्याच हाताखाली तयार झाल्या. आता माझ्याच खुर्चीत बसतात आणि माझ्यापेक्षा ताठ बसतात.

"कोणी मारलं ते मला नकोय, सर," त्या म्हणाल्या. "हे बघा."

टेबलावर एक चामडी थैली होती, नाडी ओढून बंद करायची. शेजारी जाड राखाडी कापडाचा पुडका. तो आधी चारी बाजूंनी घट्ट शिवलेला असावा, पण आता टाके उसवलेले होते. कात्रीने कापलेले नव्हते, हाताने ओढून तोडलेले होते आणि दोरे लोंबत होते. त्यातून निघालेली पितळी वजनं रांगेत मांडली होती, दोनशेचं, शंभराचं आणि पन्नासचं. आणि चार मोठी धातूची बटणं.

"अर्ध्या किलोचं वजन त्यांच्या मुठीत होतं," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात बोटं सोडवून काढावं लागलं. फेकून मारणार असतील बहुतेक."

'ते' म्हणजे वजनमापं खात्याचे निरीक्षक. सारा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा. बुधवारी भर दुपारी ते घाऊक बाजारातल्या एका गाळ्यावर तपासणीला गेले, एकटेच. गाळेवाल्याशी वाजलं. त्याने पहार उचलली आणि एकच घाव घातला. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"या थैलीत रिव्हॉल्व्हर असायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "सहा काडतुसं भरलेलं. ते कोणीतरी काढून घेतलं आणि वजनं भरून ठेवली. एक भरलेलं हत्यार शहरात कुठेतरी आहे आणि मला पत्ता नाही. बाजारात मी कोणालाही विचारलं तर उद्या पेपरात येईल. काटेसाहेबांच्या घरी तुम्ही घरच्यासारखे आहात. म्हणून बोलावलं."

त्यांनी फाइलमधला एक कागद माझ्याकडे सरकवला. रिव्हॉल्व्हरच्या परवान्याची शिफारस होती ती. खाली सही माझी होती.

२

त्या अर्जाच्या नमुन्यात एक रकाना आहे, 'अर्जदाराच्या जिवास असलेला धोका'. आठ महिन्यांपूर्वी काटेसाहेबांच्या खिडकीवर दगड आला. दगडाला चिठ्ठी होती, 'पुढचा डोक्यात.' मी बाजारात चौकशी केली. त्यांनी वर्षभरात किती गाळ्यांना टाळं लावलं ते पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, 'गंभीर'. चार ओळींची जागा होती. मला एकच शब्द पुरला, आणि तेव्हा मला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

चौकशीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांची बायको कोपऱ्यात विणत बसली होती. लोकरीचे स्वेटर विणून देते ती. मी उठताना तिने एकच विचारलं.

"काका, बंदूक मिळाली की हे एकटे जायला लागतील का?"

मी हसलो होतो. "अगं, असलेली बरी," असं काहीतरी म्हणालो होतो.

चौकीतून निघालो तो आधी त्यांच्याच घरी गेलो. घरात माणसं होती, हळू आवाजात बोलत होती. त्यांची बायको खालमानेने बसली होती. मांडीवर अर्धवट घडी घातलेला स्वेटर होता, पुरुषी मापाचा, गडद निळा. काजं केलेली होती, बटणं नव्हती. काजांतून ती एकेक बोट घालून बाहेर काढत होती.

"त्यांचाच," मी पाहतोय हे बघून ती म्हणाली. "बटणं लावायची राहिली."

मी पाणी प्यायलो आणि त्यांच्या कचेरीचा रस्ता धरला.

कचेरीत आता धाकटे साहेब होते, काटेसाहेबांच्या हाताखालचे. जागा एका दिवसात भरत नसते, पण यांचा जेवणाचा डबा काटेसाहेबांच्या खणात जाऊन बसला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मी त्या डब्याकडे बघताच त्यांनी खण लोटला.

"बढती मला मिळणार हे खरं आहे," ते आपणहून म्हणाले. "पण मी नेमाने वाट बघत होतो हो. दोन वर्षांनी मिळालीच असती."

बाईंनी बरोबर दिलेला पुडका मी त्यांच्या काट्यावर ठेवला. कापड, वजनं, बटणं मिळून आठशे अडुसष्ट ग्रॅम भरलं. फाइलमध्ये काडतुसांसकट रिव्हॉल्व्हरचं वजन लिहिलेलं होतं, आठशे सत्तर.

"दोन ग्रॅमचा फरक," धाकटे साहेब म्हणाले. "ज्याने केलं त्याला साहेबांचा हात माहीत होता. ते रोज सकाळी बॅग उचलून नुसत्या हाताने सांगायचे, आज एक फाइल कमी आहे म्हणून. दहा ग्रॅम इकडचे तिकडे झालेले त्यांना कळायचे."

मग त्यांनी अर्ध्या किलोचं वजन एकटं काट्यावर ठेवलं आणि भुवया आक्रसल्या. आकडा होता चारशे एकोणऐंशी. त्यांनी ते उलटं केलं, मग बाकीचीही. बुडाला आतून कोरून लाखेने बुजवलेलं होतं.

"ही वजनं खोटी आहेत, काका," ते म्हणाले. "सगळीच. आणि असली पितळी वजनं बाजारात पंधरा वर्षांत कोणी वापरलेली नाहीत."

३

म्हणजे कोण्या गाळेवाल्याने वेडावून दाखवलं होतं? खोटी वजनं पकडणाऱ्याच्या थैलीत खोटी वजनं. मला ते पटायला हवं होतं, पण गाळेवाला साहेबांच्या थैलीपर्यंत पोचणार कसा? मी शिपायाला गाठलं. वीस वर्षं काटेसाहेबांची बॅग त्यानेच वाहिली होती. त्याआधी तो फौजेत होता.

"बॅग?" तो कडवट हसला. "बंदुकीची थैली तिच्यातच असायची, म्हणून आठ महिन्यांत मी त्या बॅगेला हात लावलेला नाही. आधी आम्ही चौघं जायचो, साहेब, मी, धाकटे साहेब आणि तुमच्या चौकीचा एक हवालदार. बाजारात आमची चेष्टा व्हायची, वरात आली म्हणून. पण वरातीवर कोणी हात टाकत नाही. बंदूक आली आणि साहेब म्हणाले, तुम्हाला कशाला उन्हातान्हात त्रास. त्रास कसला, आमची गरजच संपली."

"राग आला असेल."

"आला ना. बोलूनही दाखवला. मी त्यांना म्हटलं, साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची, तोवर ठीक. ज्या दिवशी कोणी मूठ उघडायला सांगेल त्या दिवशी काय कराल? त्यांनी थैली नुसती हातात घेऊन तोलली आणि हसले. मागच्याच आठवड्यात ती एका गाळ्यावर टेबलावर ठेवली होती म्हणे. सगळे चिडीचूप झाले. फार खूश होते त्या दिवशी."

बाजारात मला एक म्हातारा हमाल भेटला. त्याने सगळं चार हातांवरून पाहिलं होतं. पोलिसांना त्याने घाव कोणी घातला एवढंच सांगितलं होतं, कारण त्यांनी एवढंच विचारलं होतं.

"साहेबांनी थैली ठेवली फळीवर," हमाल म्हणाला. "गाळेवाला म्हणाला, रोज रोज काय थैली दाखवता, आज उघडाच. सगळे हसले. साहेबांनी नाडी सोडली. आतलं गाठोडं शिवलेलं बघून चेहराच उतरला त्यांचा. टाके ओढून तोडले. तोवर गाळेवाला आत गेला होता, पहार आणायला."

"मग साहेबांनी वजन फेकलं?"

"फेकलं नाही. हातात घेतलं, वर-खाली केलं. तोलत होते. मग एक बटण उचलून बघितलं, परत ठेवलं. मी ओरडलो, साहेब, निघा. रस्ता मोकळा होता, मालक. लहान मूलसुद्धा पळालं असतं." त्याने तोंड पुसलं. "ते वजनाकडे बघत तिथेच उभे राहिले."

४

घरी येऊन मी जेवलो नाही. तिसऱ्याच माणसाची वजनं असती तर काटेसाहेब दचकले असते, चिडले असते, पळाले असते. ते तोलत उभे राहिले. ओळखीचं असल्याशिवाय माणूस असा उभा राहत नाही.

ओळखीचं कोणाचं, हे मला त्यांच्या मेव्हण्याने सांगितलं; त्याला मी त्याच संध्याकाळी त्यांच्या अंगणात गाठलं. बायकोचा हा धाकटा भाऊ वर्षभर त्यांच्याच घरी राहत होता. दहा वर्षं बँकेचा बंदूकधारी पहारेकरी होता आणि आता नव्या पहारेकऱ्यांना शिकवतो. दंगेखोर मित्रांमुळे दोनदा चौकीत आला होता, त्यामुळे मला पाहताच त्याने हात वर केले.

"काका, पहिला संशय माझ्यावर येणार ते मला कळतं. पण एक सांगतो." त्याने खोलीतून एक डबी आणली. आत काडतुसं होती. "ही खोटी आहेत. सरावाची. वजन तेच, रूप तेच, आत दारू नाही. भाऊजींची बंदूक निकामी करायची असती तर मी अर्ध्या मिनिटात सहाच्या सहा बदलली असती. अख्खी बंदूक काढून शिवणकाम कशाला करत बसू?"

ते मला आधीच सुचायला हवं होतं. मी खिशातून अर्ध्या किलोचं वजन काढलं. बाईंनी ते एका दिवसापुरतं माझ्याकडे दिलं होतं.

तो पाहतच राहिला. "हे तुम्हाला कुठे मिळालं?"

"कोणाचं आहे?"

"भाऊजींच्या वडिलांचं. त्यांचं किराणा दुकान होतं. भाऊजी नोकरीला लागले आणि पहिली जप्ती केली ती स्वतःच्या बापाच्या दुकानात. म्हातारा नंतर सहा वर्षं जगला, मुलाशी एक शब्द बोलला नाही. खटला मिटल्यावर वजनं परत आली. भाऊजींनी ती पेटीत घालून कपाटावर ठेवली. फेकवतही नव्हती आणि उघडवतही नव्हती." त्याने डोळे मिटले. "ती पेटी घरातच आहे, काका."

"बंदूक कशी उघडतात ते घरात आणखी कोणाला माहीत होतं?"

"मी ताईला शिकवणार होतो. म्हटलं, माहीत असावं. तिने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, मला ती बघायचीही भीती वाटते."

आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

५

इन्स्पेक्टर बाईंना मी शुक्रवारी सकाळी सांगितलं. त्या मधे बोलल्या नाहीत, ही सवय त्यांना मी लावलेली.

"साहेब दर रविवारी रिव्हॉल्व्हर पुसायचे, मेव्हण्याने सांगितलं. म्हणजे बदल रविवारनंतरचा आणि बुधवारच्या आधीचा. धाकट्या साहेबांच्या कचेरीत एक ग्रॅमपर्यंतची खरी वजनं आहेत. त्यांना वजन जुळवायला बटणं लागली नसती. शिपायाच्या हातात बॅग आठ महिने नव्हती, आणि तो फौजेतला. मेव्हणा बंदूक कोळून प्यायलेला. हे दोघं नुसती काडतुसं काढतील. अख्खं रिव्हॉल्व्हर कोण काढतं? ज्याला ते उघडता येत नाही. ज्याला त्याची भीती वाटते."

"आणि बटणं?"

"ज्याने केलं त्याने आकडे पाहिलेच नाहीत. तागडीच्या एका पारड्यात रिव्हॉल्व्हर ठेवलं, दुसऱ्यात वजनं, आणि काटा मधे येईपर्यंत हाताशी होतं ते टाकलं. त्यांची बायको घरी लोकर तागडीवरच तोलते. रोजच्या वापराची वजनं नवऱ्याने तपासून दिलेली, त्यातलं एक गेलं तरी त्याला दिसलं असतं. कपाटावरच्या पेटीकडे मात्र तो बघायचाही नाही."

बाईंनी फाइल मिटली. "त्यांच्या वाईटावर होती का ती?"

"तुम्ही माझ्याबरोबर या," मी म्हणालो, "पण दाराबाहेर थांबा."

६

ती एकटीच होती. मी बसलो नाही. "कपाटावरची पेटी काढून दे," म्हणालो.

तिने स्टूल घेतलं, पेटी उतरवली आणि माझ्यापुढे ठेवून झाकण उघडलं. वजनांच्या गोल खाचांवर आडवं, फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंची माणसं दोन दिवस गुपचूप सारं शहर पालथं घालत होती.

"मी सांगायला येणार होते," ती म्हणाली. "पाय उचलला नाही."

"का केलंस, पोरी?"

"मागच्या आठवड्यात घरी आले ते हसत. म्हणाले, आज नुसती थैली ठेवली आणि बाजार गप्प. पंचवीस वर्षांत असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला भीती वाटली. आधी ते भांडण दिसलं की दोन पावलं मागे यायचे, चार माणसं घेऊन परत जायचे. आता मागे येईनात. म्हटलं, एक दिवस रागाच्या भरात गोळी सुटेल. नाहीतर कोणी हिसकावून यांच्यावरच रोखेल. दोन्ही बाजू मी पुष्कळ तोलल्या, काका. थैलीलाच सगळे घाबरतात, तर थैली राहू दे, गोळ्या नकोत. रविवारी पुसायला उघडतील, चिडतील, मग मी बोलेन. तीन-चार दिवसांचाच तर प्रश्न होता."

"त्यांना आधीच का नाही सांगितलंस?"

"आठ महिने सांगत होते. हलकी लागली असती तर त्याच दिवशी परत घेतली असती. त्यांना ते वजन हवं होतं. मी वजन दिलं."

मी तिला काय बोलणार होतो? थैली हलकी असती तर त्यांना घरीच कळलं असतं आणि ते त्या गाळ्याची पायरी चढले नसते. खरं रिव्हॉल्व्हर असतं तर ते वाचले असते, की कोठडीत आज गाळेवाल्याच्या जागी ते बसले असते? मला ठाऊक नाही, कोणालाच ठाऊक होणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की हा प्रश्न तिने आठ महिन्यांपूर्वी मला विचारला होता आणि मी हसलो होतो. तेव्हा बसून उत्तर दिलं असतं, चार ओळींची जागा भरली असती, हवालदार बरोबर असल्याशिवाय तपासणी नको एवढी अट घातली असती, तर तिला रात्री जागून कापड शिवावं लागलं नसतं. शिफारस माझी होती. त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

"काका," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "एकच सांगा. त्यांनी थैली उघडली होती का?"

मी पेटीचं झाकण लावलं.

"ती वजनं त्यांनी अंधारातही ओळखली असती. बटणं तर त्यांनीच पसंत केली होती. घरचंच कोणीतरी फसवलं, मीच, असं कळून ते..." तिने निळ्या स्वेटरच्या काजात बोट अडकवलं. "टाके कोणी उसवले? हाताने की कात्रीने?"

चाळीस वर्षं मी लोकांचं खोटं पकडत आलो. माझा चेहरा कसा दिसत होता, देव जाणे.

"कात्रीने," मी म्हणालो. "चौकीत, मीच. थैलीची नाडीसुद्धा सुटलेली नव्हती. घाव मागून आला, त्यांना काही कळलंच नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने मोठा श्वास सोडला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ भिंतीला टेकली. मग ती रडू लागली आणि मी पेटी उचलून बाहेर आलो.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हत्यार घरातच सापडलं, शहरात कोणाच्या हाती लागलं नाही, एवढं त्या कागदावर लिहितील. बाकी काय लिहायचं ते बघतील. पण हमालाला मीच पुन्हा चौकीत पाठवलं होतं, आणि त्याचा नवा जबाब आदल्याच संध्याकाळी नोंदवून झाला होता, त्याच्या सहीसकट. नाडी, टाके, बटण, मोकळा रस्ता, सगळं त्यात आहे. खटला उभा राहील तेव्हा म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून ते पुन्हा सांगेल, आणि ती पहिल्या बाकावर बसलेली असेल.

"चार महिने लागतील, सर," बाई म्हणाल्या. "फार तर पाच."

मी मान हलवली. पेटी हातात जड लागत होती. तोवर तिला झोप लागावी म्हणून मी तिच्या पारड्यात एक खोटं वजन टाकून आलो होतो. काटेसाहेबांनी ते हातात घेताच ओळखलं असतं.